गर्दी कृष्णाला, मत सायकलला: तेलुगू देसम नऊ महिन्यांत सत्तेत कसा आला

प्रश्न असा आहे: तेलुगू सिनेमाचे सुपरस्टार एन. टी. रामारावांनी २९ मार्च १९८२ ला हैदराबादेत तेलुगू देसम पक्षाची घोषणा केली आणि ९ जानेवारी १९८३ ला आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मध्ये फक्त सव्वानऊ महिने. हे निव्वळ सिनेमाच्या जोरावर झालं का? आणि झालं असेल, तर त्याच तेलुगू मुलखात पुढे चिरंजीवी या दुसऱ्या सुपरस्टारला ते का जमलं नाही?

मी बरीच वर्षं निवडणुकांची बातमीदारी केली आणि नंतर उमेदवारांच्या बाजूने बसून मतदारसंघ बांधायचं कामही केलं. त्यामुळे ‘लाट होती, आला निवडून’ या उत्तरावर माझं समाधान होत नाही. लाट असली तरी दर बूथवर सकाळी सातला पोलिंग एजंट बसवावा लागतो, मतदारयादी हातात असावी लागते, दुपारनंतर कोण आलं नाही ते पाहून माणूस धाडावा लागतो. १९८२ च्या मार्चमध्ये रामारावांकडे यातलं काहीच नव्हतं. जानेवारीत सगळं होतं. मधल्या काळात ते आलं कुठून, हे सांगितलं की उत्तर मिळतं.

त्याआधी एक गोष्ट बघा, जी या चर्चेत सहसा येत नाही. ५ जानेवारी १९८३ ला आंध्रात मतदान झालं, त्याच दिवशी शेजारच्या कर्नाटकातही झालं. तिथे मतपत्रिकेवर एकही सुपरस्टार नव्हता. कन्नडचा सर्वांत मोठा नट राजकुमार. शाळांत कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या गोकाक चळवळीत तो रस्त्यावर उतरला, गावोगाव त्याच्या सभांना प्रचंड गर्दी झाली, पण पक्षबिक्ष काढायला तो तयार झाला नाही. तरीही काँग्रेस तिथे पडली. २२४ पैकी जनता पक्षाला ९५, काँग्रेसला ८२ आणि मुख्यमंत्री झाले रामकृष्ण हेगडे. म्हणजे दक्षिणेतल्या काँग्रेसच्या दोन बालेकिल्ल्यांत एकाच दिवशी भगदाड पडलं, एका ठिकाणी नट होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. नट नसताना काँग्रेस जेमतेम हरली आणि विरोधकांना इतरांच्या टेकूवर सरकार करावं लागलं. नट असताना ती २९४ पैकी ६० वर आली आणि तेलुगू देसमला २०१ जागा मिळाल्या. सिनेमाचा वाटा मोजायचाच असेल तर तो या फरकात मोजावा.

आता भगदाड कसं पडलं ते. आंध्र हा साधासुधा काँग्रेसी मुलूख नव्हता. १९७७ साली उत्तरेत इंदिरा गांधींचा पार धुव्वा उडाला, तेव्हा आंध्राने ४२ पैकी ४१ खासदार काँग्रेसचे दिले होते. १९७८ च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला १७५ जागा. १९८० साली खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीबरोबर मेदकमधूनही निवडून आल्या आणि त्यांनी मेदकची जागा ठेवली. असं राज्य पाच वर्षांत हातचं घालवायला मेहनत लागते, आणि ती मेहनत दिल्लीने घेतली. चेन्ना रेड्डी, टी. अंजय्या, भवनम वेंकटरामी रेड्डी, कोटला विजयभास्कर रेड्डी असे एका विधानसभेच्या काळात चार मुख्यमंत्री झाले. कुणाला आमदारांनी निवडलं असं लोकांना वाटलंच नाही. अंजय्यांनी सगळ्या गटांना खूश ठेवायला साठच्या आसपास मंत्री केले, त्याची टिंगल झाली, मग वरून आदेश आला म्हणून त्यांतले बरेच काढले, त्याची आणखी टिंगल झाली.

आणि मग फेब्रुवारी १९८२ मधला हैदराबादचा बेगमपेट विमानतळ. राजीव गांधी तेव्हा नवखे खासदार. मुख्यमंत्री अंजय्या हारतुरे, ढोलताशे, कार्यकर्त्यांचे जथे घेऊन धावपट्टीपर्यंत स्वागताला गेले. राजीव मूळचे वैमानिक. विमानाजवळ एवढी माणसं पाहून ते भडकले आणि सगळ्यांच्या देखत मुख्यमंत्र्यांना झापलं. अंजय्या कामगार चळवळीतून वर आलेले, वयाने साठीचे. थोड्याच दिवसांत त्यांचं पदही गेलं. हे वर्तमानपत्रांत सविस्तर आलं आणि घराघरांत बोललं गेलं. पुढच्याच महिन्यात रामारावांनी पक्षाचं नाव सांगितलं आणि ‘तेलुगू माणसाचा आत्मगौरव’ हा मुद्दा लावून धरला. मुद्दा त्यांना शोधावा लागला नाही, दिल्लीने तो आयता आणून दिला होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. अंतुले, बाबासाहेब भोसले. आपल्याकडेही तेव्हा मुख्यमंत्री दिल्लीहूनच ठरत होते. मग इथे का नाही कुणी पक्ष काढून सत्ता घेतली? माझ्या मते त्याचं कारण साखर कारखान्यांत आहे. इथल्या गावपुढाऱ्याकडे कारखाना होता, जिल्हा बँक होती, झेडपी होती. मुख्यमंत्री कुणीही आला तरी त्याचं दुकान चालू राहायचं, आणि नाराजी काढायला काँग्रेसमध्येच दुसरा गट तयार असायचा. आंध्रात असा एक मोठा, पैसेवाला वर्ग होता ज्याला काँग्रेसमध्ये वरची खुर्ची कधीच मिळाली नव्हती.

तो वर्ग म्हणजे कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा बागायतदार शेतकरी, त्यातही कम्मा समाज. कालव्याचं पाणी, धरणं, नंतर सुधारित भाताचं बियाणं, यांतून त्या पट्ट्यात पैसा साठला. तो भातगिरण्यांत गेला, तंबाखूत गेला, वाहतुकीत, चिटफंडात, सिनेमा थिएटरांत आणि सिनेनिर्मितीत गेला. पण १९५६ ला राज्य झाल्यापासून १९८३ पर्यंत एकही कम्मा मुख्यमंत्री झाला नाही. बहुतेक काळ रेड्डी. मध्ये दामोदरम संजीवय्या, नरसिंह राव, वेंगळ राव असे अपवाद. रामाराव स्वतः कृष्णा जिल्ह्यातल्या निम्मकुरूचे, शेतकरी घरातले, कम्मा. हे एवढंच असतं तर पक्ष चार जिल्ह्यांपुरता राहिला असता. तो तसा राहिला नाही कारण मागास जातींतल्या, काँग्रेसमध्ये फक्त मतं द्यायला वापरल्या गेलेल्या मंडळींनाही त्याने जागा दिली. या दुसऱ्या भागाकडे मी नंतर येतो, कारण पक्ष टिकला तो त्यामुळे.

पैसेवाल्या वर्गाचं एक अपत्य इथे फार कामाला आलं, ते म्हणजे वर्तमानपत्र. रामोजी राव यांनी १९७४ ला विशाखापट्टणमला ‘ईनाडू’ सुरू केलं. पहाट व्हायच्या आत अंक दारात आणि बातमी राजधानीची नव्हे, आपल्या गावाच्या आसपासची, हे त्याचं सूत्र. १९८२ पर्यंत ते तेलुगूतलं आघाडीचं दैनिक झालं होतं आणि ते उघडपणे रामारावांच्या पाठीशी उभं राहिलं. याचा अर्थ नुसती प्रसिद्धी असा घेऊ नका. गावोगाव वार्ताहर आणि एजंट असलेल्या पेपरला कुठल्या तालुक्यात काँग्रेसचा कोण नाराज आहे, कुठल्या वकिलाची गावात पत आहे, हे जिल्हाध्यक्षापेक्षा जास्त माहीत असतं. नव्या पक्षाला अशी माहिती विकत मिळत नाही.

आता रथाकडे येऊ. एका जुन्या शेवर्ले गाडीची प्रचारगाडी केली होती. आतून शिडी, छताला झाकण, ते उघडून वर यायचं. टपावर उभं राहायला जागा, भोंगे, रात्रीसाठी झगझगीत दिवे. नाव ‘चैतन्य रथम’. चालवायला मुलगा हरिकृष्ण. अंगावर खाकी कपडे. रामाराव तेव्हा साठीला टेकलेले. मद्रासच्या बंगल्यात राहणारा माणूस महिनोन्महिने त्या गाडीत झोपला, रस्त्याच्या कडेला दाढी-आंघोळ केली, झाडाखाली जेवला, आणि त्याचे फोटो पेपरात छापून आले. सभेची वेळ संध्याकाळची, गाडी पोचायची मध्यरात्री. बायका आरतीची तबकं घेऊन ताटकळत बसलेल्या असत. त्या काळात मंत्री म्हणजे विश्रामगृह आणि जीपगाड्यांचा ताफा. इथे कृष्ण स्वतः वेशीवर येऊन उभा.

कृष्ण म्हणतोय ते अलंकार म्हणून नाही. १९५७ च्या ‘मायाबाजार’पासून रामाराव तेलुगू घरांत कृष्ण म्हणूनच परिचित होते, त्या वेशातली त्यांची चित्रं भिंतीवर असत. तिरुपतीला आलेले यात्रेकरू पुढे बस करून मद्रासला त्यांच्या घरी दर्शनाला जात आणि तेही सकाळी बाहेर येऊन भेटत. पण अभ्यासकांनी देवाच्या भूमिकांवर जरा जास्तच शाई खर्च केलीय असं मला वाटतं. निवडणुकीच्या आधीच्या काही वर्षांतले त्यांचे हिट सिनेमे पौराणिक नव्हतेच. १९८२ च्या जुलैत आलेल्या ‘बोब्बिली पुली’त ते व्यवस्थेविरुद्ध उभा ठाकणारा फौजी आहेत. चिडलेल्या तरुणाला गदगदून यायला कृष्ण नको होता, त्याला हा माणूस हवा होता. शिवाय एक जुनी पुण्याई होती: १९७७ च्या नोव्हेंबरात कृष्णेच्या मुखाकडच्या दिविसीमा भागात चक्रीवादळाने हजारो माणसं गेली, तेव्हा रामाराव मदतनिधीसाठी झोळी घेऊन फिरले होते. लोक हे विसरलेले नव्हते.

चाहत्यांच्या संघटना तर गावोगाव होत्याच. पहिल्या खेळाला कटआउटवर हार चढवणारी पोरं. यांचा उपयोग भिंती रंगवायला, गर्दी आणायला, रात्री जागायला होतो. पण माझ्या अनुभवात नुसत्या चाहत्यांवर बूथ सोडला तर तो दुपारी दोनपर्यंत रिकामा होतो. गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे त्यांना माहीत नसतं. ती जागा भरून काढली काँग्रेसमधून आलेल्यांनी. त्यांत सर्वांत मोठं नाव नादेंडला भास्कर राव यांचं, काँग्रेस सरकारात मंत्री राहिलेले. पक्षबांधणीत त्यांचा मोठा हात होता. चाहत्यांचा उत्साह, काँग्रेसी नाराजांचं कसब आणि बागायतदारांचा पैसा, या तीन गोष्टी एका सायकलवर, म्हणजे पक्षाच्या निवडणूक चिन्हावर, बसल्या.

तिकिटं देताना मात्र रामारावांनी एक धाडस केलं. जुनी खोडं थोडी आणि नवे चेहरे भरपूर: वकील, डॉक्टर, प्राध्यापक, पदवी घेऊन गावात परतलेले तिशीतले तरुण. प्रस्थापित आमदारापुढे असा अनोळखी उमेदवार उभा करणं एरवी आत्महत्या असते. पण मत उमेदवाराला नव्हतंच, त्यामुळे उमेदवाराची पाटी कोरी असणं हाच फायदा ठरला. याचा सर्वांत बोलका दाखला रामारावांच्या घरातला. जावई चंद्राबाबू नायडू तेव्हा काँग्रेस सरकारात मंत्री होते. ते सासऱ्याच्या पक्षात गेले नाहीत, चंद्रगिरीतून काँग्रेसतर्फेच लढले आणि सासऱ्याच्या पक्षाच्या उमेदवाराकडून हरले. मग आले.

आश्वासनांत दोन रुपये किलो तांदूळ हे मुख्य. काँग्रेस सरकारने निवडणुकीच्या तोंडावर एक रुपया नव्वद पैशांचा भाव जाहीर करून पाहिला. दहा पैसे स्वस्त, तरी लोकांनी दोन रुपयेवाल्याला मत दिलं. तांदळाचा भाव दोघांनी सांगितला, विश्वास एकावरच बसला. निवडणूक वेळेआधी घ्यायची खेळीही उलटली: नव्या पक्षाला तयारीला वेळ मिळू नये हा हिशेब होता, पण रथ तोवर बहुतेक राज्य फिरून झाला होता.

इथपर्यंतचा भाग बहुतेकांना थोडाफार ठाऊक असतो. पण पक्ष म्हणून तेलुगू देसमची परीक्षा जानेवारी १९८३ ला झाली नाही, ती ऑगस्ट १९८४ ला झाली. रामाराव अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून परतले, आणि दोनच दिवसांत, १६ ऑगस्टला, राज्यपाल रामलाल यांनी त्यांना बडतर्फ करून भास्कर रावांना शपथ दिली. कारण: बहुमत गमावलं. रामारावांनी आमदार आधी हैदराबादेतल्या आपल्या रामकृष्ण स्टुडिओत गोळा केले, मग आगगाडीने थेट दिल्लीला नेऊन राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढे मोजून दाखवले. आजारी माणूस, चाकाच्या खुर्चीत. तिथून आमदार कर्नाटकात, हेगडे यांच्या आसऱ्याला. रिसॉर्टचं राजकारण हा शब्द आज रोज कानावर पडतो. त्याचा हा फार जुना आणि, म्हटलं तर, सरळ हेतूचा नमुना. महिनाभर राज्यात आंदोलनं पेटली, सगळे विरोधी पक्ष एकत्र आले, राज्यपाल बदलले, शंकर दयाळ शर्मा आले आणि १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री. ज्या नेत्याच्या कसबावर संघटना उभी राहिली तोच फुटला, आणि तरी संघटना जागची हलली नाही. जेमतेम अडीच वर्षांच्या पक्षाकडून ही अपेक्षा कुणी केली नव्हती.

तीन महिन्यांनी लोकसभा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची त्सुनामी आणि आंध्रात ४२ पैकी ३० तेलुगू देसमच्या. लोकसभेत सर्वांत मोठा विरोधी पक्ष एक प्रादेशिक पक्ष, हे पहिल्यांदा घडलं. याच निवडणुकीत पी. व्ही. नरसिंह राव आपल्या हनमकोंड्यात भाजपच्या जंगा रेड्डींकडून हरले. ते दिल्लीत राहिले ते विदर्भाच्या कृपेने, कारण त्यांनी रामटेकमधूनही अर्ज भरला होता आणि तिथे ते जिंकले. पुढे पंतप्रधान झालेल्या माणसाची ही वाट रामारावांच्या वाऱ्यामुळे रामटेकवरून गेली, हे नागपूरकडची मंडळी अजून सांगतात. मार्च १९८५ ला विधानसभा पुन्हा: २०२ जागा.

मगाशी मागास जातींचा विषय सोडला होता. आपल्याकडे मुलकी पाटलांचा वंशपरंपरागत हक्क १९६२ च्या कायद्याने गेला. आंध्रात तो तसाच होता: किनारपट्टीला मुन्सफ-करणम, तेलंगणात पटेल-पटवारी. सातबाऱ्यासारखे सगळे कागद एका घरात, पिढ्यान्पिढ्या. रामारावांनी १९८४ ला ही पदं एका फटक्यात रद्द केली. मग मोठाले तालुके मोडून अकराशेवर लहान मंडलं केली. कागदावर ही प्रशासकीय सुधारणा आहे. जमिनीवर तिचा अर्थ असा की तहसीलची पायरी चढायला जो शेतकरी दिवस मोडायचा त्याला कचेरी जवळ आली, आणि अकराशे ठिकाणी मंडल अध्यक्षाची खुर्ची तयार झाली. त्या खुर्च्यांवर मागास जातींतले, पहिल्यांदाच राजकारणात आलेले कितीतरी लोक बसले. बूथची माणसं कुठून येतात असं सुरुवातीला विचारलं होतं. पहिल्या निवडणुकीत ती उसनी होती, इथून पुढे घरची झाली. मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांइतका हक्क देणारी दुरुस्तीही याच सरकारने १९८६ ला केली. महाराष्ट्राने ती केली १९९४ ला, देशाने २००५ ला.

मनमानी भरपूर होती, तेही सांगायला हवं. सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय एकदम ५८ वरून ५५ वर आणलं, विधान परिषद बरखास्त केली, मंत्री एका दिवसात घरी पाठवले. १९८९ ला लोकांनी याची किंमत वसूल केली. रामाराव स्वतः कलवाकुर्तीत पडले, दुसऱ्या मतदारसंघाने, हिंदुपूरने, वाचवलं.

आता चिरंजीवी. २६ ऑगस्ट २००८ ला तिरुपतीत प्रजा राज्यम पक्ष काढला, सभेला माणसांचा समुद्र. २००९ ला २९४ पैकी १८ जागा; स्वतः तिरुपतीत जिंकले, पण घरच्या पालकोल्लूत हरले. २०११ ला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन. लोकप्रियतेत कमी होते का? अजिबात नाही. पण समोर कोण होतं बघा. राजशेखर रेड्डींचं काँग्रेस सरकार पाच वर्षं एका मुख्यमंत्र्याखाली चाललेलं, शेतीला मोफत वीज आणि आरोग्यश्री ही गरिबांच्या मोफत उपचारांची योजना घराघरांत पोचलेली. सरकारवर जो नाराज होता त्याच्यासाठी तेलुगू देसमची आघाडी आधीच उभी. १९८२ ला जी जागा रिकामी होती ती २००९ ला दोघांनी अडवलेली होती. तमिळनाडूत नट शिवाजी गणेशन यांचंही तेच: १९८९ ला तिरुवैयारूत खुद्द ते पडले. तिथलेच नट एम. जी. रामचंद्रन जिंकले म्हणून उदाहरण देतात, पण ते पंचवीस वर्षं मुरलेल्या द्रविड चळवळीच्या संघटनेतून बाहेर पडले आणि निम्मी संघटना बरोबर घेऊन गेले; १९७२ ते १९७७ अशी पाच वर्षंही त्यांना मिळाली. रामारावांना घर नव्याने बांधावं लागलं.

चेहरा मोठा की पक्ष, या वादाचा निकाल मात्र रामारावांच्याच शेवटात लागला. १९९४ ला ते दारूबंदीचं आश्वासन घेऊन उतरले आणि एकट्या तेलुगू देसमच्या २१६ जागा घेऊन आले, काँग्रेस २६ वर. आठच महिन्यांत, ऑगस्ट १९९५ ला, बहुसंख्य आमदार जावयाबरोबर हैदराबादच्या एका हॉटेलात गेले आणि परतले नाहीत. रामाराव रथ घेऊन हॉटेलबाहेर गेले तर त्यांच्या गाडीवर चपला पडल्या. ८४ सारखी रस्त्यावर उतरलेली जनता यावेळी दिसली नाही. जिल्ह्याजिल्ह्यातली संघटना तोवर चंद्राबाबूंनी हातात घेतलेली होती. १८ जानेवारी १९९६ ला रामाराव गेले. चार महिन्यांनी लोकसभेला एका बाजूला चंद्राबाबूंचा पक्ष, दुसऱ्या बाजूला पत्नी लक्ष्मी पार्वती यांचा, पोस्टरवर दोन्हीकडे तोच चेहरा. पत्नीच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, जावयाला १६ मिळाल्या.